रिकाम्या खोलीचा नमुना

"आवाज माझाच आहे हो," बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "पण पपई कापून मधल्या बिया काढून टाकल्यासारखा वाटतोय." त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि बिया मीच कुठेतरी लपवल्यात अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं. माझ्या स्टुडिओचं हे पहिलं गिऱ्हाईक. पहिलं म्हणजे ओळखीपाळखीतून उचलून आणलेलं नव्हे, रस्त्यावरून जाताना पाटी वाचून आत आलेलं. आयुष्यभर बालवाडीत शिकवलं, मुलांसाठी गाणी रचली, स्वतःच चाली लावल्या आणि आता निवृत्त झाल्यावर आपल्यामागे ती हवेत विरून जायला नकोत म्हणून रेकॉर्ड करायला आल्या. मी त्यांना आमच्या धंद्यातलं ठेवणीतलं उत्तर दिलं, की स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय नसते, सगळ्यांनाच परका वाटतो. "मला आहे ना सवय," बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं वर्गात माझा आवाज मीच तर ऐकत आलेय, पोरं कुठे ऐकतात!" मग पर्स उचलून उठल्या. म्हणाल्या, रविवारी दुपारी पुन्हा येते, नीट करून ठेवा, नीट झालं तर बाकीची गाणीही तुमच्याचकडे. नीट झालं नाही तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. जाताना दार हलकेच लावून गेल्या, पण ते दार हलकं लागत नाही, रबराच्या पट्ट्या आहेत त्याला, ते बसतं तेव्हा कानात दडा बसतो. दडा बसलेल्या कानांनी मी त्यांचं गाणं पुन्हा लावलं. चिमणीचं गाणं होतं. सूर बरोबर, शब्द स्वच्छ, आणि आत काहीतरी नव्हतं.

ही खोली आधी चपलांच्या दुकानाचं कोठार होती. अजूनही पावसाळी हवा असली की भिंतींतून चामड्याचा आणि डिंकाचा वास येतो. मी तिला आतून जाड लोकर लावली, वर कापड ताणलं, जमीन उचलून घेतली, दाराला रबर लावलं, आणि पहिल्या दिवशी आत जाऊन दार लावलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सदऱ्याची कॉलर मानेला घासली तरी ऐकू येत होतं. मला हेच तर हवं होतं. इतकी वर्षं घरी झोपायच्या खोलीत, खिडकीला गादी उभी करून, कपाटाची दारं उघडी टाकून, त्यातल्या कोटांत आवाज मुरू दे म्हणून देवाला हात जोडत रेकॉर्डिंग केलं होतं. आम्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सगळ्यांचं हेच, आणि पोटासाठी दिवसा दुसरंच काहीतरी. ड्रम वाजवणारा दिवसा गाडी चालवायला शिकवतो, त्याचा डावा पाय झोपेतही ब्रेक शोधतो म्हणे. बासरीवाला फरशा विकतो. आणि मी कान तपासतो. कानांच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत माणसाला बसवायचं, हेडफोन घालायचे, बाहेरून बारीक बारीक सूर सोडायचे आणि सांगायचं, ऐकू आला की हात वर करा. काही जण सूर नसतानाही हात वर करतात. म्हातारी माणसं जास्त. खोटं बोलायचं नसतं त्यांना, पण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून करतात, आग्रह केल्यावर पोट भरलेलं असतानाही आणखी एक घास घेतात तसं. मला ते आवडायचं आणि डोक्यातही जायचं. महिनाअखेर माझी नोकरी संपणार होती, राजीनामा दिला होता, काउंटरवरच्या बाईने माझ्या जागेवर येणाऱ्या पोरीला सगळं समजावून दिलंही होतं. ही काउंटरवाली मला भुंगा म्हणते. भुंगाशेठ. मी थंडी-उन्हाळ्यात तेच काळं जाकीट घालतो आणि यंत्राला चिकटलो की उठत नाही, म्हणून असेल असं मी धरून चाललो होतो.

आईला मीच तपासलं होतं त्या पेटीत. तिचं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं. आधी दाराची बेल गेली, मग पाखरं, मग मी. तपासणीत मात्र तिने प्रत्येक सुराला हात वर केला. एकूणएक. मी चक्रावलो. मग लक्षात आलं, की काचेतून ती माझं कोपर बघतेय. बटण दाबताना कोपर हलत होतं. "आई, हे चीटिंग आहे," मी म्हटलं, तर म्हणाली, "तू दाबलंस ते मला कळलं की नाही? मग झालं." मी तिची खुर्ची फिरवून पाठ माझ्याकडे केली. मग हात वर आलाच नाही. ती पाठ मला अजून दिसते. अंबाडा, दोन्ही हात मांडीवर, आणि हात वर करायची वाट बघत ताठ बसलेली. मी सूर मोठा मोठा करत गेलो, शेवटी तर पेटीच्या बाहेरही ऐकू यायला लागला, तेव्हा तिने हळूच मागे वळून विचारलं, "सुरू केलंस का रे?"

आम्ही दोघंच राहायचो. तिचा आवाज जाड, माझा किनरा. फोनवर लोक तिला साहेब म्हणायचे आणि मला मॅडम, आणि त्यावर ती इतकी हसायची की फोन माझ्या हातात द्यायला लागायचा. ती गुणगुणायची. गाणं नव्हे, चाल नव्हे, ओठ मिटून एकच सूर, फ्रीज चालू असतो तसा, मधेच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. आपण गुणगुणतोय हे तिला माहीतच नसायचं. बहिऱ्या माणसांचं होतं असं, मी दवाखान्यात रोज बघतो. माझं रेकॉर्डिंग असलं की मी मधलं दार लावून सांगायचो, "आई, गुणगुणू नकोस हं आता." ती म्हणायची, "मी नाही रे, तूच." हे आमचं रोजचं. मी म्हणायचो, तुला काय ऐकू येतंय, आणि ती म्हणायची, ऐकू नाही आलं तरी कळतं. तिची एक पद्धत होती. दाराला तळहात लावून उभी राहायची. दार थरथरत असलं की आत काहीतरी चालू आहे, मग ती आत यायची नाही. किती वेळा मी दार उघडलं आणि ती तशीच उभी, हात पुढे, वाहतूक थांबवल्यासारखी. मी दचकायचो, आणि ती माझ्यापेक्षा जास्त दचकायची.

ती गेली तेव्हा मी दवाखान्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी आईचे कान तपासत होतो. त्याचं मी काही करू शकत नाही. पण नंतर ताई आली, चार दिवस राहिली, आणि निघताना दारात बॅग घेऊन उभी असताना तिने विचारलं, "आईचा आवाज असेल ना रे तुझ्याकडे? मला दे. बारकीला ऐकवायचाय. ती विसरायला लागलीय." बारकी म्हणजे ताईची लेक. मी म्हटलं, अगं, म्हणजे काय, इतकी वर्षं घरात मायक्रोफोन होता, असणारच. आणि शोधायला बसलो. नव्हता. कुठेच नव्हता. घरात चांगल्यातला चांगला मायक्रोफोन होता आणि तो कायम लावलेल्या दाराच्या माझ्या बाजूला होता. गाण्यांच्या सुरुवाती ऐकल्या, शेवट ऐकले, मधे कुठे "जेवायला चल" म्हणून हाक आली असेल, कुठे भांडं पडलं असेल. काही नाही. मी सगळं धुऊन पुसून ठेवलेलं. माझ्या कामाचं कौतुकच त्यासाठी व्हायचं, की घरात केलेलं वाटत नाही, एकदम स्वच्छ. ताई फोनवर विचारायची, "सापडला का?" मी म्हणायचो, "अजून बघतोय." नंतर नंतर तिने विचारणं सोडलं, आणि ते जास्त वाईट होतं. रस्त्यात, जिन्यात, बँकेच्या रांगेत कुठे जाड आवाजाची बाई बोलली की मी मान वळवायचो. एकदा दवाखान्यात मी कुणाचा तरी तक्ता भरत होतो आणि मला अगदी जवळ आई गुणगुणताना ऐकू आली. वर पाहिलं. काउंटरवाली माझ्याकडेच बघत होती. सूर थांबला होता.

तर बाईंच्या गाण्यातली पपई. मी मायक्रोफोन बदलला, वायर बदलली, भिंतीची लोकर एका बाजूने सोडून पुन्हा ठोकली. बियांचा पत्ता नाही. मग शंका आली की माझेच कान गेले. दवाखान्यात सकाळी पेशंट यायच्या आधी मी स्वतः पेटीत बसलो आणि काउंटरवालीला म्हटलं, सोड सूर. तिने सोडले. मी हात वर करत गेलो. तिच्या कोपराकडे नजर जायला लागली म्हणून डोळे मिटून घेतले. तपासणी झाल्यावर ती म्हणाली, "कान ठणठणीत आहेत भुंगाशेठ. तोंड तेवढं सांभाळा." मी म्हटलं, "तोंडाला काय झालं?" ती काही बोलणार तेवढ्यात एक आजोबा मुलाचा हात धरून आत आले आणि राहून गेलं. मला वाटलं, माझ्या तिरसट बोलण्याबद्दल म्हणत असेल. ते खरंच आहे.

घोळ सापडला तो शनिवारी, आणि सापडल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. असला गाढवपणा फक्त घरी रेकॉर्डिंग करणारा माणूसच करू शकतो. आमच्याकडे आवाज स्वच्छ करायची एक सोय असते. मी तिला चाळणी म्हणतो. आधी रिकाम्या खोलीचा नमुना घ्यायचा; म्हणजे कुणी काही न बोलता, न हलता थोडा वेळ नुसतं रेकॉर्ड करायचं. पंखा, फ्रीज, रस्ता, जे काय खोलीत कायम असतं ते यंत्र शिकून घेतं आणि त्याला दोष समजतं. मग तुम्ही त्यातून काहीही घाला, तेवढ्या पट्टीतलं ते गाळून टाकतं. नमुन्यातला खरा आवाज ते ठेवत नाही, नुसती भोकं ठेवतं, कुठल्या सुराला किती मोठं. घरच्या खोलीसाठी मी एकदाच बसून चांगली चाळणी केली होती आणि रोज कोण उठाठेव करणार म्हणून ती कायमची लावून टाकली होती. नवीन काम उघडलं की ती आपोआप लागते. स्टुडिओत यंत्रं आणली, टेबल आणलं, आणि चाळणीही आली. जी खोली आता माझी नव्हती, भाडं सोडलेलं, दुसरंच कुणीतरी तिथे राहायला आलेलं, तिचा दोष मी बालवाडीच्या बाईंच्या गळ्यातून काढत बसलो होतो. चाळणी बंद केली. चिमणीचं गाणं पुन्हा लावलं. बिया परत आल्या. साधा, भरलेला, थोडा खरखरीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. मी एकटाच मोठ्याने हसलो, आणि त्या खोलीने ते हसणं लगेच गिळून टाकलं.

मग नसती बुद्धी झाली. चाळणीच्या खाली एक खूण असते, फक्त काढलेलं ऐकवा. म्हणजे गाणं नको, गाळ ऐकवा. गाळात काय निघतंय एवढंच बघायचं होतं. दाबलं. चिमणी गेली, शब्द गेले, बाई गेल्या, आणि त्यांच्या आवाजातून, त्यांच्या गळ्यातल्या त्या तेवढ्याच पट्टीतून, ओठ मिटून एक सूर यायला लागला. मधेच थांबत होता, बाई श्वास घेत होत्या तिथे, आणि पुन्हा सुरू होत होता. मी ओळखला. कोण ओळखणार नाही? भाजी निवडतानाचा, घड्या घालतानाचा. मी वेड्यासारखा यंत्राच्या पडद्याला म्हणालो, "आई, गुणगुणू नकोस म्हटलं होतं ना." म्हणजे नमुना घेतला तेव्हा ती दारापलीकडे गुणगुणत होती. यंत्राने तिला दोष समजून शिकून घेतलं, आणि त्यानंतर मी जे जे केलं, सगळ्यांची सगळी गाणी, त्यातून तिला गाळत आलो. वाईट वाटायला हवं होतं. मला तर आनंदच झाला. सापडली. ताईला काय सांगायचं, कसं सांगायचं ते मी घरी जाईपर्यंत जुळवत राहिलो, आणि नाही केला फोन. उद्या बाईंचं काम उरकू, मग निवांत बोलू, असं ठरवलं.

रविवारी सकाळी लवकर गेलो. बाई दुपारी यायच्या होत्या. चाळणी काढल्यावर गाण्याच्या मागे वरच्या मजल्यावरच्या नळाची बारीक शीळ येत होती, तेवढी काढायला या खोलीचा नवा नमुना हवा होता. दार लावलं. कानात दडा बसला. हेडफोन घातले, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसलो, न हलता, न बोलता. मनात आईच होती. मग थांबवलं आणि तपासायला म्हणून लावलं. नळाची शीळ होती. आणि तिच्या खाली, जवळ, ओठ मिटून, आई होती. बाईंच्या आवाजाची नाही, कशातून गाळलेली नाही, नुसती. मी उठलो तो खुर्ची पडली. ती या खोलीत कधी आली नव्हती. ही खोली तिच्या हयातीत चपलांनी भरलेली होती. मी दार ढकलून बाहेर आलो, पायरीवर बसलो. समोर एक माणूस गाडी धूत होता, बादलीत फडकं पिळत होता. मी ताईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चाळणी, गाळ, बाई, नळ, सगळं. "ताई, आई इथे आहे," मी म्हणालो, "सापडली गं." पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं रडतेय. मी थांबलो.

"अरे," ताई म्हणाली.

"काय?"

"तू आत्ताही करतोयस."

"काय करतोय?"

"गुणगुणतोयस. आत्ता. मी गप्प होते तेव्हा. तू गप्प बसलास की तुझं सुरू होतं. लहानपणापासून आहे ते."

"आई करायची ते."

"आई करायची कामं करताना. तुझं मशीन सुरू झालं की करायची नाही. मी आले की बघायचे ना मी. खुर्चीत ओठ आवळून बसायची. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायची. मला म्हणायची, चमचा नीट ठेव, त्याचं चाललंय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आई रोज सांगायची," ताई म्हणाली. "तू तिला बहिरी म्हणायचास."

गाडी धुणाऱ्याने बादली उपडी केली आणि पाणी माझ्या पायरीपर्यंत आलं. मी पाय वर घेतले. दाराला तळहात लावून उभी असायची ती. आत काहीतरी चालू आहे हे तिला दारातून कळायचं. मला वाटायचं स्पीकरमुळे दार थरथरतंय. पण रेकॉर्डिंगच्या वेळी स्पीकर बंद असतात, इतकं साधं, हे मला माहीत नाही तर कुणाला माहीत असणार? माझ्या कानांवर तर हेडफोन असायचे. भुंगाशेठ. तोंड तेवढं सांभाळा. सगळ्या जगाला ऐकू येत होतं. "म्हणजे तिचा आवाज नाहीच," मी म्हणालो. ताई म्हणाली, "नाहीच." मग आम्ही दोघंही गप्प बसलो, मला वाटतं बराच वेळ, आणि मग ती एकदम घाईघाईने, हळू आवाजात, फोन तोंडापासून लांब धरून म्हणाली, "बारके, इकडे ये. पळत ये. हे ऐक. आजी अशीच करायची." आणि मला म्हणाली, "थांबलास का? कर ना."

मी केलं. म्हणजे ओठ मिटून सूर लावला. बारकी म्हणाली, "हा तर मामा आहे." मी पुन्हा केलं, जरा जाड. ते आणखीच वाईट झालं, सुरेल झालं. इतकी वर्षं गळ्याला वळण लावलंय, मुद्दाम लावलेला सूर बरोबर जागी जाऊन बसतो आणि त्यात मी असतो, नुसता मी. "असू दे," ताई म्हणाली, "जबरदस्तीने नाही यायचं ते." तिचा आवाज फाटला होता. तिला म्हटलं, ठेव फोन, मी पाठवतो. काय पाठवणार, ते मला तरी कुठे माहीत होतं. मघाचा नमुना होताच, पण त्यात नळ होता, आणि तो होता नमुन्यापुरताच, अगदी थोडका.

आत गेलो. खुर्ची उचलून जागेवर ठेवली. दार लावलं. वर जाऊन नळ बंद करायची विनंती करून आलो होतो, वरच्या काकूंनी कशाला म्हणून विचारलं तर म्हटलं, आईचं रेकॉर्डिंग आहे, आणि त्यांनी लगेच केला बंद. रेकॉर्डिंग सुरू केलं. हेडफोन घातले नाहीत. तरी मला ऐकू येणार नव्हतंच, ते आता मला ठाऊक होतं, म्हणून उजवा तळहात टेबलाच्या फळीवर सपाट ठेवला आणि छाती टेबलाच्या कडेला टेकवली. आधी काहीच नाही. मी वाट बघत होतो, आणि वाट बघतोय तोवर ते येणार नव्हतं. म्हणून मी दुसऱ्या गोष्टींचा विचार करायला लागलो; बाईंचं चिमणीचं गाणं, महिनाअखेरचा निरोप, नवीन पोरीला सांगायचं राहिलंय की म्हाताऱ्या माणसांना बसवताना आपलं कोपर दिसणार नाही असं बसवायचं. तिची ती पाठ. सुरू केलंस का रे? मग कधीतरी माझ्या हाताखालची फळी बारीक थरथरायला लागली. मी श्वास रोखला नाही, मान वळवली नाही, हात होता तिथेच राहू दिला. दुपार झाली असणार, बाहेर बालवाडीच्या बाई आल्या असाव्यात, कुणीतरी दार वाजवत होतं. मी उठलो नाही.